कोणासाठी थांबायचे

मेक्सिको शहरातल्या एका सरकारी कचेरीत, काचेच्या खिडकीसमोर, माझ्या पुढे एक वयस्कर गृहस्थ उभे होते. खिडकीपाशी येताच त्यांनी डोक्यावरची विणलेली हॅट काढून छातीशी धरली होती आणि दुसऱ्या हातात कागदांनी फुगलेले, कडा पिवळ्या पडलेले प्लास्टिकचे फोल्डर होते. एकेक कागद पुढे सरकवत, हळू आवाजात त्यांनी आपले काम सांगितले. आतल्या मुलीने कागद चाळले, एकावर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाच्या कागदांसाठी हात पुढे करत म्हणाली, “आओरीता लो आतिएंदेन.” आत्ता बघतील तुमचे काम. त्या इमारतीत दिवसभर हे वाक्य कानांवर पडत असते आणि ते ऐकणारा माणूस मुकाट्याने मागच्या खुर्च्यांकडे वळतो. हे गृहस्थ वळले नाहीत. खरोखरच माहिती हवी आहे अशा स्वरात, अतिशय नम्रपणे त्यांनी विचारले, “क्येन, सेन्योरीता?” कोण बघणार, बाई? मुलीने प्रथमच मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिच्यापाशी उत्तर नव्हते एवढेच. तिने आतल्या एका बंद दाराकडे बोट दाखवले. गृहस्थांनी त्या दाराकडे पाहिले, मान हलवली, हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली आणि ते जाऊन बसले.

माझे काम आटोपून मी घरी आले, पण तो “कोण?” काही केल्या मनातून जाईना.

स्पॅनिश ही माझी पोटापाण्याची भाषा आहे. मी दुभाषी आहे. दिवसभर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी घालणे हेच माझे काम. पुण्यात स्पॅनिश शिकत असताना समोरच्याला क्षणभर थांबवण्यासाठी आम्हाला एकच वाक्य शिकवले गेले होते, “उन मोमेंतो, पोर फावोर.” एक क्षण, कृपया. ते वाक्य कुठेही चालते, कोणाला खटकत नाही, आणि म्हणूनच बहुधा प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते पहिल्या काही पानांतच भेटते. मेक्सिकोत राहायला आल्यावर मात्र लक्षात येत गेले की हे वाक्य इथे माणसे फारसे उच्चारतच नाहीत. उच्चारलेच तर त्याला ‘मोमेंतीतो’ असे लहानगे करून. एरवी थांबवण्याच्या इतक्या परी इथे आहेत की त्यांतली कोणती, कोण, कोणाला, कधी वापरतो हे ऐकत बसले तर त्या दोन माणसांचे नाते आपोआप उलगडत जाते. जिन्यात भेटलेली शेजारीण घाईघाईने परत घरात शिरताना म्हणते, “एस्पेरेमे तांतीतो, नो मे तार्दो.” जरा थांबा माझ्यासाठी, मला वेळ नाही लागणार. फोनवरची मुलगी म्हणते, “पेर्मीतामे तांतीतो, नो मे क्वेल्गे.” परवानगी द्या थोडी, फोन ठेवू नका. रात्री टॅको विकणारा, सुरीने मांसाचे पातळ काप तोर्तियावर, म्हणजे मक्याच्या भाकरीवर, पाडता पाडता, मान न वळवता सांगतो, “आओरीता सालेन, हेफा.” निघालेच बघा, बाई. बाजाराच्या गलक्यात, जिथे कोणाचे काही ऐकू येत नाही, तिथे भाजीवाली हात उंच करून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवते, आणि ती फट पाहून चार हातांवरचे गिऱ्हाईक निश्चिंत उभे राहते.

पोर्तालेस भागात आमच्या घराजवळ एक तोर्तियेरिया, म्हणजे तोर्तियांचे दुकान, आहे. दुपारी दीडच्या सुमारास तिथे रांग लागते, कारण त्यानंतर सगळ्यांच्या घरी जेवणे असतात. आत एक जुने यंत्र आहे. वरच्या बाजूने मक्याचे ओले पीठ घालायचे, त्याच्या गोल चकत्या पट्ट्यावर पडतात, ज्योतींवरून पुढे सरकत जातात आणि दुसऱ्या टोकाला टम्म फुगून, वाफ सोडत बाहेर येतात. पट्टा सतत कुरकुरतो. चुन्याच्या पाण्यात भिजवलेल्या मक्याचा एक ओलसर, मातीच्या जवळ जाणारा वास रस्त्याच्या कोपऱ्यापासूनच येऊ लागतो. तिथे गल्ल्यावर बसणाऱ्या बाई रांग वाढली की गिऱ्हाइकाला सांगतात, “आओरीता ले दोय, मार्चांता,” आणि पट्ट्यावरून एक गरम तोर्तिया उचलून त्याच्यापुढे धरतात. शेजारी मिठाची वाटी असतेच. आपण ती तोर्तिया हातावर घ्यायची, चिमूटभर मीठ भुरभुरायचे, गुंडाळी करायची आणि खात उभे राहायचे. तळहात भाजतो, मीठ अर्धवट विरघळते, मक्याची गोडी जिभेवर उतरते, आणि तेवढ्यात आपला नंबर आलेला असतो. हा रिवाज मेक्सिकोत सगळीकडे आहे, त्या बाईंचा तो शोध नव्हे. पण मला त्यात थांबवण्याच्या सगळ्या शिष्टाचाराचे मूळ दिसते. ‘आत्ता देते तुम्हाला’ म्हणणारी व्यक्ती तुमच्या डोळ्यांसमोर आहे, देणारी तीच आहे, आणि देईपर्यंतच्या वेळाची तिने काहीतरी तजवीज केली आहे.

खिडकीतल्या मुलीचे वाक्य आणि या बाईंचे वाक्य दोन्ही ‘आओरीता’नेच सुरू होतात. फरक क्रियापदात आहे. ‘आतिएंदो’ म्हटले की ‘मी बघते’ आणि ‘आतिएंदेन’ म्हटले की ‘ते बघतील’. आणि ते कोण, याची वाच्यता स्पॅनिशमध्ये करावी लागत नाही, कर्ता गाळला तरी वाक्य पूर्ण होते. आपल्याकडच्या कचेऱ्यांत जे ‘होऊन जाईल’ असते ना, तेच हे. काम आपोआप होणार आहे, करणारा कोणी नाही, त्यामुळे झाले नाही तर विचारायचे कोणाला तेही ठरलेले नाही. याच्या उलट शेजारणीच्या ‘एस्पेरेमे’मध्ये शेवटी जो ‘मे’ आहे तो ‘मला’ आहे. स्पॅनिशमध्ये माणसाला थांबतात, जशी आपण माणसाची वाट पाहतो. ती मला वेळ काढायला सांगत नाही, तिची स्वतःची वाट पाहायला सांगते, आणि तसे सांगताना परत येण्याची हमीही देते. मेक्सिकोतल्या रोजच्या बोलण्यातून हा ‘मे’ सगळीकडे डोकावतो. ‘आग्वांतामे’, माझ्यासाठी कळ काढ. ‘पेर्मीतामे’, मला परवानगी द्या. ‘नो मे क्वेल्गे’, माझा फोन ठेवू नका. थांबवणारा स्वतःला त्या थांबण्यात गुंतवून घेतो.

आणि मग उत्तरही यावे लागते, हे पुस्तकांत कोणी सांगत नाही. “नो से आपूरे,” असे जिन्यातल्या शेजारणीला म्हणायचे असते. मेक्सिकोत त्याचा अर्थ ‘घाई करू नका’ असाही होतो आणि ‘काळजी करू नका’ असाही, आणि बोलणाऱ्याला बहुतेक वेळा दोन्ही म्हणायचे असते. त्याशिवाय ते थांबवणे अर्धे राहते.

‘आओरा’ म्हणजे आता, त्याला ‘ईतो’ जोडून ‘आओरीता’ होतो. ‘तांतो’ म्हणजे इतका, त्याचा ‘तांतीतो’. या लाडक्या प्रत्ययावर मेक्सिकोतली माणसे इतकी भाळलेली आहेत की कॉफी ‘काफेसीतो’ होते, टॅको ‘ताकीतो’ होतो आणि निरोप ‘आदिओसीतो’ होतो. असे का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काहींच्या मते हा नाहुआत्ल भाषेचा ठसा आहे. अस्तेक लोकांची ही भाषा आजही मेक्सिकोत लाखो माणसे बोलतात आणि तिच्यात ‘त्सीन’ हा प्रत्यय आदर आणि माया एकाच वेळी दाखवतो. ‘तोनांत्सीन’ म्हणजे आमची पूज्य, लाडकी माता. स्पॅनिश बोलू लागलेल्या नाहुआत्ल माणसांना तो आदर व्यक्त करायला ‘ईतो’ सापडला, असे त्यांचे म्हणणे. इतरांना ते पटत नाही. स्पेनमध्येही असे प्रत्यय आहेत, दक्षिण अमेरिकेतही आहेत, मग श्रेय एकट्या नाहुआत्लला कसे द्यायचे, असा त्यांचा सवाल आहे. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. पण रोज ऐकणारी म्हणून एवढे खात्रीने सांगते की ‘मोमेंतीतो’ हा ‘मोमेंतो’पेक्षा घड्याळात लहान नसतो. पुष्कळदा तो लांबच असतो. लहान होतो तो बोलणारा. तो आपला आवाज खाली आणतो, खांदे किंचित पुढे झुकवतो. कोकणातला माणूस ‘वाईच थांब’ म्हणतो किंवा माझी आई वाक्याच्या शेवटी नुसते ‘हं’ जोडते, तेव्हा आवाज असाच उतरतो.

स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्यांचे थांबवणे असेच असते असे मात्र नाही, आणि माझ्या व्यवसायात हे नीट ध्यानात ठेवावे लागते. कोलंबियातली माणसे समोरच्याकडे क्षण भेट म्हणून मागतात, “रेगालेमे उन मोमेंतीको.” एक क्षण भेट द्या मला. तिथे ‘त’नंतरच्या ‘ईतो’चा ‘ईको’ होतो. कोस्टा रिकातही होतो, आणि म्हणूनच कोस्टा रिकाच्या लोकांना सगळ्या लॅटिन अमेरिकेत ‘तीको’ म्हणतात. ब्वेनोस आयरेसचा माणूस “बांकामे उन काचीतो” म्हणेल, त्यातला ‘बांकार’ म्हणजे सोसणे, पाठीशी उभे राहणे. चिलीत ‘आल तीरो’ म्हटले की तत्काळ, बंदुकीच्या बारासरशी. प्वेर्तो रिकोच्या माणसाने ‘आओरीता’ म्हटले तर त्याला ‘नंतर, दिवसभरात कधीतरी’ असे म्हणायचे असते, आणि हा शब्द मेक्सिकोच्या सवयीने ऐकणारा हमखास वेगळेच समजून बसतो. माद्रिदच्या मासळीबाजारात पुष्कळ ठिकाणी आजही नवे गिऱ्हाईक येताच विचारते, “क्येन दा ला वेथ?” पाळी कोण देणार? म्हणजे रांगेत शेवटचा कोण, तो सांगेल की माझ्यानंतर तुम्ही, आणि मग माणसे रांग न लावता मोकळी उभी राहतात, गप्पा मारतात, शेजारचे दुकान पाहून येतात. क्यूबातही माणूस रांगेपाशी आला की “एल उल्तिमो?” असे मोठ्याने विचारतो. शेवटचा कोण? हात वर होतो, चेहरा लक्षात राहतो, काम भागते. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. आपल्या आधी कोण आहे एवढे एका माणसापुरते ठाऊक असले की थांबणे किती हलके होते, हे नंबराचा कागद हातात घेऊन पडद्याकडे टक लावून बसलेल्या माणसाला विचारावे.

‘आओरीता’ची परदेशी लोकांत जी टवाळी होते ती मला आवडत नाही, आणि हे मी जरा ठासून सांगते. मेक्सिकोत येणारा प्रत्येक परदेशी पाहुणा महिन्याभरात हा शब्द शिकतो आणि मग या लोकांना वेळेची किंमत नाही असे सांगत फिरतो. मी ज्या माणसांना हा शब्द सतत उच्चारताना ऐकते त्यांत पहाटे पाचला तामालेंचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या गुंडाळ्यांचे, भांडे चुलीवर चढवून सहाला मेट्रो स्थानकाबाहेर उभी राहणारी बाई आहे, दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाहून येणारा नळदुरुस्तीवाला आहे, एकट्याने सगळे दुकान सांभाळणारा चांभार आहे. वेळेची किंमत त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांच्या हातात एका वेळी पाच कामे असतात आणि पाचही जणांना ‘तुम्ही माझ्या ध्यानात आहात’ एवढे सांगायचे असते. मिनिटांचा आकडा सांगितला तर तो खोटा ठरण्याची शक्यता अधिक. ‘आओरीता’ तो आकडा टाळतो आणि दखल मात्र घेतो. जे ऐकतात त्यांना सुरावरून अंदाज येतो. शब्द तुटक आला तर लगेच, ‘ओरीता’ असा अर्धा गिळला तर थोड्या वेळाने, आणि शेवटचा ‘ता’ लांबवून, दुसरीकडे बघत म्हटला तर आपले काम दुसरीकडे करून घ्यावे हे उत्तम. आणि खरोखरच आत्ता हवे असेल तर माणूस स्वतःच विचारतो, “आओरीता, आओरीता?” दोनदा म्हटले की शब्द पुन्हा मूळ अर्थावर येतो.

या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे, तो मला उशिरा दिसला आणि दिसल्यापासून मी हा शब्द वेगळ्या कानांनी ऐकते. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या बायका मालकिणीच्या प्रत्येक हाकेला “सी, सेन्योरा, आओरीता” म्हणतात. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. नाही म्हटले तर काम जाते. ‘आओरीता’ म्हटले की होकारही दिला जातो आणि दोन श्वास घेण्याइतकी, हातातले भांडे धुऊन होण्याइतकी, कधीकधी ते सांगितलेले काम विसरले जाण्याइतकी जागाही मिळते. आपल्याकडे ‘हो ताई, करते’ यात ही जागा असते. ज्याला थांबवण्याचा अधिकार नाही त्यानेही मालकाला थोडे थांबवायचे, ते असे. या बायकांना जे आळशी म्हणतात त्यांनी त्यांचा एक दिवस जगून पाहावा असे मला मनापासून वाटते.

माझे बरेचसे काम मेक्सिकोतले पुएब्ला आणि आपले चाकण यांच्या मधले असते. दोन्हीकडे मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. चाकणला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पुएब्लात सकाळचे साडेसात असतात. एकीकडची माणसे घरी जायला निघालेली आणि दुसरीकडची नुकतीच कॉफीचा पहिला घोट घेत असलेली. अशा वेळी पुएब्लाचा अभियंता म्हणतो, “आओरीता से लोस मांदामोस.” आत्ता पाठवतो तुम्हाला. हे मी कसे पोहोचवू? ‘आत्ता’ म्हटले तर चाकणचा माणूस निघायचा थांबून मेल उघडून बसेल. ‘नंतर’ म्हटले तर पुएब्लाच्या माणसाच्या तोंडी मी नकार घातल्यासारखे होईल. म्हणून मी आधी स्पॅनिशमध्ये विचारून घेते, आओरीता आओरीता, की अल रातीतो, म्हणजे थोड्या वेळाने? तो हसतो, घड्याळ पाहतो आणि नेमके सांगतो. यात त्याला अपमान वाटत नाही, कारण त्याच्या घरीही त्याची आई त्याला हेच विचारते. चाकणकडून ‘बघतो, सांगतो’ आले की माझी अडचण तशीच असते, फक्त दिशा उलटी. एकदा पुएब्लाचा एक पर्यवेक्षक “आग्वांतेनमे तांतीतो” म्हणून कॅमेऱ्यासमोरून उठून गेला आणि बराच वेळ पडद्यावर त्याची रिकामी खुर्ची नि मागे लटकवलेले पिवळे हेल्मेट दिसत राहिले. चाकणच्या खोलीत चुळबुळ सुरू झाली. मी म्हटले, ते स्वतः यंत्रापाशी बघायला गेले आहेत. ‘स्वतः’ हा शब्द ऐकताच चुळबुळ थांबली. कोणीतरी चहा मागवला.

काही वेळा थांबवायला शब्दच लागत नाहीत. १९ सप्टेंबर २०१७ रोजी दुपारी सव्वाच्या सुमारास या शहराला ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. १९८५ साली ज्या दिवशी शहर उद्ध्वस्त झाले होते तीच ही तारीख, आणि त्याच सकाळी अकरा वाजता त्या आठवणीत सगळ्या शहराने भूकंपाची कवायत केली होती. शहरात सव्वादोनशेहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा इथे नव्हते, पण जिन्यातली शेजारीण होती, आणि ती त्या दिवसांविषयी बोलते तेव्हा ढिगाऱ्यांपेक्षा जास्त मुठींविषयी बोलते. शेकडो माणसे साखळी करून विटा-सिमेंटने भरलेल्या बादल्या हातोहात पुढे देत असायची. ट्रक, जनरेटर, हातोडे, आरडाओरडा सगळे एकत्र. मग ढिगाऱ्यावरचा एक जण मूठ उंच धरायचा. ज्याला ती दिसेल तोही मूठ वर करायचा, मग त्याच्या मागचा, असे करत पार रस्त्याच्या टोकापर्यंत मुठी उभ्या राहायच्या आणि यंत्रे बंद व्हायची. खाली कोणाचा आवाज येतो का ते ऐकायचे असायचे. शेजारीण सांगते की तिच्या हातात भरलेली बादली होती, ती खाली ठेवली तर आवाज होईल म्हणून तिने ती तशीच धरून ठेवली, बोटे बधिर झाली तरी. किती वेळ, हे तिला सांगता येत नाही. कोणासाठी थांबलो आहोत हे मात्र त्या रस्त्यावर प्रत्येकाला ठाऊक होते.

शहराच्या पूर्वेला तेस्कोकोजवळ चापिंगोचे कृषी विद्यापीठ आहे. तिथे एका मराठी माणसाचा पुतळा आहे, २०२२ साली बसवलेला. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतले. जगभर भटकून १९२४ साली ते मेक्सिकोत आले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. तीना मोदोत्तीने त्यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे घेतली. दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रंगवलेल्या एका भित्तिचित्रात त्यांना जेवणाच्या मेजावर भाकरी मोडताना दाखवले. ती भिंत पाहताना मला त्यांच्या मेक्सिकोतल्या कर्तृत्वाइतकाच त्यांचा परतीचा मार्ग आठवतो. इंग्रजांनी त्यांचे नाव काळ्या यादीत घातले होते. इंग्रज गेले, देश स्वतंत्र झाला, आणि १९४९ साली मायदेशातून बोलावणे आले तेव्हाही ती जुनी यादी आडवी आली. परवानगी मिळायला अडचण पडली. ज्या सरकारने बंदी घातली ते उरले नव्हते आणि ज्या सरकारसाठी आयुष्य वेचले त्याच्या कागदांत ती बंदी अजून जिवंत होती. कोणी एक माणूस त्यांना ‘थांबा, मी बघतो’ म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. कागद कोणाला म्हणत नाही की माझ्यासाठी थांब. अखेर १९५५ साली ते भारतात स्थायिक झाले आणि १९६७ साली नागपूरला वारले. कचेरीतल्या त्या गृहस्थांनी ज्या स्वरात “क्येन?” विचारले तो स्वर मला त्या भिंतीपुढे उभी असतानाही ऐकू येतो, आणि तो प्रश्न विचारण्याची हिंमत सगळ्यांना व्हावी असे वाटते.

माझी मुलगी इथल्या शाळेत जाते. घरी ती मराठी बोलते, पण तिच्या मराठीला आता इथले पाणी लागले आहे. ती ‘माझ्यासाठी थांब’ म्हणत नाही, ‘मला थांब’ म्हणते; ‘एस्पेरामे’ जसेच्या तसे. माझ्या आईला हे पहिल्यांदा ऐकून हसू आले, मग तिने ते दुरुस्त करायचा प्रयत्न केला, आणि आता तिने तो सोडून दिला आहे. रविवारी सकाळी आम्ही पुण्याला फोन लावतो, तेव्हा तिथे रात्रीची जेवणे उरकत आलेली असतात. परवा बोलता बोलता मुलगी एकदम खुर्चीवरून उतरली. “आजी, मला थांब हं तांतीतो,” असे म्हणून आत पळाली. आईने मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि ती उद्याच्या भाजीसाठी मेथी निवडू लागली. आत बराच वेळ खणांची उघडझाप ऐकू येत होती. मी म्हटले, तू झोप आता, उशीर झाला असेल, मी सांगते तिला. आई म्हणाली, “असू दे गं, थांब म्हणालीये ना ती.” मेथीची अर्धी जुडी निवडून झाल्यावर मुलगी हातात एक चित्र घेऊन आली आणि तिने ते कॅमेऱ्याला इतके चिकटवले की आईला नुसता पिवळा रंग दिसला असणार. “आलीस? जरा मागे धर बघू,” आई म्हणाली. चित्रात एक लांब पट्टा होता, त्यावर एका ओळीत गोल गोल चकत्या, खाली निळ्या ज्योती आणि कडेला मिठाची वाटी. “हे काय, भाकऱ्यांचं यंत्र का?” आईने विचारले, आणि मुलगी तिला यंत्र कुठून सुरू होते, पीठ कुठे घालतात, ती गल्ल्यावरची बाई कुठे बसते आणि पहिली तोर्तिया कोणाला मिळते, हे सगळे अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या स्पॅनिशमध्ये समजावून सांगू लागली.